आंबोली घाटाखालचे दोन डाव

कोल्हापुरातून आजऱ्यामार्गे आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडी येते आणि तिथून पुढं दीडेक तासावर पणजी. या एकाच वाटेवर डाव मांडून खेळायच्या वस्तूंची दोन निराळी घराणी नांदतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर मान खाली घालून गंजिफेची, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाची, गोल पानं रंगवत असतात. पणजीत मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजांवर रात्रभर रंगीत चिप्सच्या चवडी या हातातून त्या हातात सरकत असतात. गंजिफा भारतात निदान पाचशे वर्षं खेळली जाते. कॅसिनोची चिप त्या मानानं कालची. पण दोन्हींचा संग्रह करणाऱ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी येते. वस्तू कोणाकडून आली हे ते आधी सांगतात, केवढ्याला आली हे नंतर.

याचं कारण या वस्तूंच्या जन्मातच आहे. चांगली गंजिफा वाड्यावरून चिताऱ्याला सांगून करवून घेतली जाई. बाजारात मिळणारी स्वस्त पानं असत, पण ती झिजेपर्यंत खेळायची आणि टाकून द्यायची. कॅसिनोची चिप तर विकतच मिळत नाही. पैसे भरले की ती तात्पुरती हाती येते आणि टेबलावरून उठताना परत द्यायची असते. त्यात कायदाही या वस्तूंच्या मुळावर. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात चालतो आणि जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेलं साहित्य नष्ट करण्याचा अधिकार तो न्यायाधीशाला देतो. तिकडं अमेरिकेत, नेवाडा राज्यात, कॅसिनो बंद पडला की त्याच्या चिप्सची विल्हेवाट कशी लावणार याची योजना सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागते. म्हणजे खेळ संपला की खेळाचं सामान नाहीसं व्हावं, अशीच सगळीकडची रीत. तरी त्यातलं जे उरलं, ते कोणीतरी कोणाच्या तरी हातात विश्वासानं ठेवलं म्हणून उरलं.

गंजिफेचा भारतातला सर्वांत जुना मानला जाणारा उल्लेखसुद्धा एका भेटीचा आहे. १५२७ च्या जून महिन्यात, रमजान चालू असताना, बाबरानं आपल्या आत्मवृत्तात नोंद केली की सिंधमध्ये ठट्ट्याला शाह हसनकडं मीर अलीच्या हाती गंजिफा पाठवली. शाह हसनला या खेळाची आवड होती आणि त्यानं ती मागून घेतली होती. एवढीच नोंद. पण मागणारा कोण, देणारा कोण, घेऊन जाणारा कोण आणि कधी, हे सगळं त्यात आहे. आजचा कुठलाही जाणता संग्राहक आपल्या वहीत याहून वेगळं काही लिहीत नाही.

बाबराच्या नातवाच्या काळात, अकबराच्या दरबारात, बारा रंगांची म्हणजे १४४ पानांची गंजिफा होती. तिचं वर्णन अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त करून ठेवलं आहे. सर्वसाधारण मुघल गंजिफा मात्र आठ रंगांची, ९६ पानांची. तिचे रंग दरबारातून आलेले: ताज, समशेर, गुलाम, सोन्याचं नाणं, रुप्याचं नाणं आणि असेच आणखी तीन. दख्खनेत आणि ओडिशा-बंगालात हा खेळ रुजला तेव्हा दरबाराच्या जागी देव आले. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण १२०. राजाच्या पानावर अवतार स्वतः, प्रधानाच्या पानावर त्याचा सहायक, आणि बाकीच्या दहा पानांवर त्या अवताराची खूण एक ते दहा वेळा काढलेली. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू. सावंतवाडीत नवग्रहांचीही गंजिफा होते. तिची पानं १०८.

खेळ साधारणपणे तिघांचा. पानं गोल असल्यानं ती आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. पांढऱ्या कापडावर उपडी पसरून हातानं मिसळायची आणि वाटायची. दशावतारीत प्रत्येकाच्या वाट्याला ४० पानं येतात. हुकूम नाही, फसवाफसवी नाही. ज्याचं पान वरचढ त्याचा हात. खरी मेख पुढं आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. शिवाय दिवसा खेळलं तर ज्याच्याकडं रामाचा राजा त्यानं उतारी करायची, रात्री खेळलं तर कृष्णाच्या राजानं. १२० पानांपैकी कोणती पडली आणि कोणती राहिली हे ध्यानात ठेवणाऱ्याचीच सरशी. नशिबापेक्षा स्मरणशक्तीचा हा खेळ, आणि तो नुसता नियम वाचून येत नाही. खेळणाऱ्याच्या शेजारी बसूनच शिकावा लागतो.

सावंतवाडीत हा खेळ स्थिरावला तो तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात, असं मानतात. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३. दरबारात धर्मचर्चेसाठी आलेल्या तेलंगी पंडितांनी गंजिफा आणली आणि गावातल्या चिताऱ्यांनी ती उचलली, अशी तिथली परंपरा सांगते. सावंतवाडीचे चितारी लाकडी खेळणी, पाट, देव्हारे आणि लाखकामासाठी आधीपासून प्रसिद्ध होतेच. चितार आळी आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. पान करायची पद्धत कष्टाची. कापड किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे. मग रंगाचा लेप, त्यावर बारीक कुंचल्यानं चित्र, आणि शेवटी लाखेचा हात. पाठ एकाच रंगाची, कारण पाठीवर जरा जरी खूण राहिली तर पान ओळखू येणार. दरबारासाठी एक कलम, म्हणजे चित्रशैली, आणि बाजारासाठी दुसरं. दोन्हींतला फरक राजाच्या चेहऱ्यावर आणि काठाच्या नक्षीत दिसतो.

छापील बावन्न पानांचा कॅट आला आणि हे सगळं मागं पडलं. यंत्रावर छापलेला कॅट स्वस्त, हातात धरायला सोपा, आणि त्याचे खेळ शिकायला तासभर पुरे. गंजिफेचे डबे माळ्यावर गेले. चिताऱ्यांच्या पुढच्या पिढ्या खेळण्यांकडं आणि लाकडी फळांकडं वळल्या. १९७१ साली सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी करायचं ठरवलं, तेव्हा गंजिफा काढणारे पुंडलिक चितारी हे एकटे वयोवृद्ध कलावंत उरले होते. सत्त्वशीलादेवी मूळच्या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. त्यांनी नुसता आश्रय देऊन काम भागवलं नाही. स्वतः कुंचला हाती घेऊन पुंडलिक चिताऱ्यांकडून त्या शिकल्या आणि 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' या नावानं राजवाड्यातच कारखाना सुरू केला. राणीनं चिताऱ्याची शिष्या व्हावं, ही या सगळ्या हकिकतीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे. ते नातं जुळलं नसतं तर आज सावंतवाडीची गंजिफा फक्त संग्रहालयांच्या काचेमागं असती. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या. कारखाना राजघराण्याच्या पुढच्या पिढीनं चालू ठेवला आहे.

संग्रहालयांच्या काचेमागं जे आहे, तेही असंच ओळखीतून गेलेलं. रुडॉल्फ फॉन लायडन हा बर्लिनमध्ये १९०८ साली जन्मलेला, भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस. जर्मनीत नाझी सत्तेवर आले त्याच वर्षी, १९३३ मध्ये, तो मुंबईला आला आणि इथलाच झाला. 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यानं कलासमीक्षा लिहिली, हुसेन, आरा, रझा या चित्रकारांच्या पिढीच्या पाठीशी तो उभा राहिला, आणि त्याच वेळी भारतभरातल्या गंजिफा गोळा करत राहिला. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं त्याचं भारतीय पत्त्यांवरचं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी तो वारला. सावंतवाडी, ओडिशा, बंगालमधलं बिष्णुपूर, म्हैसूर, दख्खन, अशी प्रदेशवार घराणी त्यानं वेगळी करून दाखवली. अशी विभागणी करायची तर प्रत्येक डबा मुळात कुठला, हे ठाऊक असावं लागतं. गंजिफेच्या पानावर बहुतेक वेळा गावाचं नाव नसतं, चिताऱ्याची सही नसते, साल नसतं. ते सांगणारं माणूसच असतं.

पुण्यात हेच काम एका कवीनं केलं. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे 'अज्ञातवासी' (१८९६–१९९०). १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढं आयुष्यभर गावोगावच्या घरांतून, वाड्यांतून दिवे, अडकित्ते, वाद्यं, दौती, भांडी आणली. पत्नी कमलाबाई या सगळ्या धडपडीत बरोबरीनं होत्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं राहिलं आणि १९६२ साली केळकरांनी ते महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. सुमारे वीस हजार वस्तूंच्या त्या संग्रहात गंजिफा, सोंगट्या, फासे, बुद्धिबळं यांनाही जागा आहे. मोठ्या सरकारी संग्रहालयांना मूर्ती आणि ताम्रपट महत्त्वाचे वाटत होते त्या काळात घरातल्या खेळण्याच्या पटाला मान देणारा हा माणूस होता. घरातली बाई माळ्यावरचा डबा खाली काढून अनोळखी माणसासमोर उगीच ठेवत नाही. त्याच्या मागं अनेक भेटी असतात.

आता घाटाखालच्या दुसऱ्या डावाकडं.

कॅसिनोची चिप म्हणजे पैशाऐवजी मांडायची चकती. आपल्याकडं घरगुती डावात कवड्या किंवा चिंचोके मांडतात, तेच काम. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात या चकत्या हस्तिदंताच्या, हाडाच्या असत. मग मातीत इतर द्रव्यं मिसळून दाबून केलेल्या चिप्स आल्या. कॅसिनोची नेहमीची चिप ३९ मिलिमीटर व्यासाची. तिच्या कडेला दुसऱ्या रंगाचे तुकडे घातलेले असतात. ते शोभेसाठी कमी आणि नक्कल अवघड व्हावी म्हणून जास्त. शिवाय चवडीत एखादी वेगळ्या किमतीची चिप शिरली तर बाजूनं पाहताच कळते. अमेरिकेत लाल चिप पाच डॉलरची, हिरवी पंचवीसची आणि काळी शंभरची, हा संकेत आता जवळपास सगळीकडं रूढ आहे. पृष्ठभागावर काठाजवळ साच्याचा ठसा उमटलेला असतो. टोपी आणि काठीचा ठसा जुन्या चिपप्रेमींच्या विशेष आवडीचा. हा ठसा आणि चिपच्या मधोमध बसवलेला छापील कागद, या दोन गोष्टींवरून जाणकार चिपचं वय काढतात.

नेवाडात १९३१ साली जुगार कायदेशीर झाला आणि लास व्हेगास वाढत गेलं. तिथं बराच काळ चांदीचा डॉलर हेच खेळाचं नाणं होतं. १९६४ च्या सुमारास चांदीच्या डॉलरची टंचाई झाली, तेव्हा १९६५ पासून कॅसिनोंनी फ्रँकलिन मिंट या टांकसाळीकडून धातूची टोकनं पाडून घेतली. आज तीही संग्राहकांच्या पेट्यांत आहेत.

नेवाडाच्या नियमांत एक कलम फार बोलकं आहे. चिप म्हणजे कॅसिनो ती बाळगणाऱ्याचं देणं लागतो याचा पुरावा. पण चिप स्वतः कॅसिनोच्याच मालकीची. २०१० च्या डिसेंबरमध्ये बेलाजिओ कॅसिनोत मोटारसायकलवरून आलेल्या एका दरोडेखोरानं सुमारे १५ लाख डॉलर किमतीच्या चिप्स लुटल्या. त्यांत २५ हजार डॉलरच्या चिप्सही होत्या. कॅसिनोनं त्या मालिकेतल्या २५ हजारी चिप्स पुढच्या वर्षी बाद केल्या आणि लुटीतला तेवढा माल निकामी झाला. हे बेलाजिओ ज्या जागेवर उभं आहे तिथं आधी 'ड्यून्स' होतं. ते १९९३ साली स्फोटानं पाडलं. 'सँड्स' आणि 'हॅसिएंडा' १९९६ साली गेले. इमारती गेल्या, त्यांच्या चिप्सही तोडून किंवा काँक्रीटमध्ये गाडून संपवायच्या होत्या. पण जुगारी उठताना एखादी खिशात राहून गेली होती, डीलरच्या घरातल्या खणात एखादी पडून होती, चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या विक्रेत्याकडं नमुन्याचे तक्ते होते. बंद पडलेल्या कॅसिनोच्या चिपला मोल येतं ते या वाटांनी ती बाहेर राहिली म्हणून.

याही छंदात सर्वांत हवीशी वस्तू जाहिरातीतून मिळत नाही. निवृत्त डीलरशी वर्षानुवर्षं गप्पा मारणारा, त्याच्या आठवणी लिहून घेणारा संग्राहक असतो, आणि एके दिवशी त्या डीलरची मुलं बापाचा खण त्याच्यासमोर उघडतात. १९८८ साली अमेरिकेत चिप आणि टोकन जमवणाऱ्यांचा क्लब निघाला. लास व्हेगासला त्यांचे वार्षिक मेळावे भरतात, आणि देवघेवीच्या टेबलांइतकंच तिथं महत्त्व असतं ते जुन्या कॅसिनो-कामगारांना भेटण्याला.

गुप्त क्लबांच्या चिप्सची गोष्ट तर विलक्षण आहे. जुगाराला बंदी असलेल्या राज्यांत १९३०-४० च्या दशकांत शेकडो चोरटे क्लब चालत. त्यांच्या चिप्सवर नाव कसं घालणार? म्हणून दोन-तीन आद्याक्षरं, एखादं फूल, घोडा किंवा पक्षी. ती चिप कुठली हे चिप पाहून कधीच कळलं नसतं. पण मेसन अँड कंपनीसारख्या जुन्या विक्रेत्यांची मागणीपत्रकं काही संग्राहकांच्या हाती आली. कोणत्या ठशाच्या, कोणत्या रंगाच्या किती चिप्स, कोणत्या गावात कोणाच्या पत्त्यावर धाडल्या, हे त्यात होतं. मुक्या चकत्यांना त्या कागदांनी गाव दिलं. आपल्या गंजिफांना अशी पत्रकं नाहीत. जुन्या संस्थानांच्या आणि जहागिरींच्या दप्तरांत, खर्चाच्या रुमालांत, चिताऱ्याला दिलेल्या पैशाच्या नोंदी शोधणं हे कोल्हापूरच्या एखाद्या इतिहासाच्या विद्यार्थ्यानं अंगावर घ्यावं असं काम आहे. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी अशा करवीरच्या जहागिरी आणि घाटाखालची सावंतवाडी यांच्यात भांडणंही होती आणि सोयरिकीही. वस्तू दोन्ही वाटांनी फिरतात.

गोव्यातला कॅसिनो फार जुना नाही. जुगारबंदीचा तिथला कायदा १९७६ चा. १९९२ साली त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला परवानगी मिळाली, पुढं पाण्यावरच्या जहाजांना टेबलाचे खेळ खुले झाले आणि २००१ मध्ये मांडवीत 'कॅराव्हेला' हे पहिलं कॅसिनो-जहाज सुरू झालं. महाराष्ट्राची कथा उलटी. १९७६ सालीच आपल्या विधिमंडळानं कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, पण तो कधी लागूच झाला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्यामुळं महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॅसिनोची चिप अस्तित्वात नाही, आणि आपल्या भागातल्या संग्राहकाचं पहिलं ठिकाण पणजी हेच राहतं.

गोव्याच्या चिप्स जुन्या व्हायला आता सुरुवात झाली आहे. पंचवीस वर्षांत जहाजं बदलली, मालक बदलले, नावं बदलली. 'कॅसिनो रोयाल'चं 'डेल्टिन रोयाल' झालं. नाव बदललं की आधीच्या नावाची चिप टेबलावर चालत नाही, आणि नेमकी त्या दिवसापासून ती जपण्याजोगी होते. प्रवेशशुल्कात मिळणाऱ्या, एकदाच खेळता येणाऱ्या आणि रोख न होणाऱ्या चिप्स तिथं असतात. फारसं मोल नाही म्हणून त्या फेकल्या जातात. पुढं याच दुर्मीळ ठरतील असं वाटतं, कारण कमी किमतीच्या, हातोहात वापरल्या गेलेल्या वस्तू कोणी जपत नाही. सावंतवाडीच्या बाजारकलमाच्या गंजिफेचं असंच झालं. राजवाड्यासाठी केलेले डबे राहिले, गावातल्या पारावर खेळले गेलेले गेले.

इथं एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. ओळखीतून संग्रह करायचा म्हणजे ओळखीचा गैरफायदा घ्यायचा नाही. कॅसिनोत काम करणाऱ्या भाच्याला किंवा पुतण्याला दोन चिप्स खिशात घालून आण म्हणणं म्हणजे त्याची नोकरी घालवणं, आणि ती सरळसरळ चोरीही आहे. सरळ वाट एकच. खेळायला गेलेल्या माणसानं आपल्या पैशानं घेतलेली लहान किमतीची चिप परत न देता ठेवून घ्यायची, तेही तिथल्या नियमांत बसत असेल तर. आणि काम करणाऱ्या माणसाकडून घ्यायची ती माहिती. कोणता रंग कधी आला, कोणती मालिका कधी बाद झाली, जहाज बदललं तेव्हा जुन्या चिप्सचं काय केलं. ही माहिती आज त्या पोरांच्या तोंडावर आहे. वीस वर्षांनी ती कोणालाच आठवणार नाही.

गंजिफेच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते. खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या नातलगाला आजोबांच्या वेळचा डबा हौसेनं पाठवायच्या आधी हे ठाऊक असावं. दुसरा धोका पैशाच्या मोहाचा. पूर्ण डबा विकत घेऊन राजांची दहा पानं वेगळी काढायची, चौकटीत बसवून भिंतीसाठी विकायची आणि उरलेली ११० पानं कुठंतरी टाकायची, हा या कलेवरचा सर्वांत वाईट अत्याचार आहे. फुटलेला डबा पुन्हा जुळत नाही. ओळखीच्या माणसाकडून, घरच्या लोकांना शब्द देऊन घेतलेला डबा सहसा असा फुटत नाही. शब्द आड येतो.

जपणुकीचंही थोडं. लाखेला ऊन आणि उष्णता चालत नाही, खळीला ओल चालत नाही. पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. पानं पुसायची तर कोरड्या मऊ कापडानं, तेही हलक्या हातानं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, चिकटपट्टी लावू नये, आणि मूळचा रंगीत लाकडी डबा कितीही खिळखिळा झाला तरी टाकू नये, कारण अनेकदा घराण्याची ओळख पटते ती डब्यावरून. मातीच्या जुन्या चिप्सही गरम पाण्यात धुतल्या की रंग सोडतात.

जुना डबा उघडून पानं मोजली तर १२० क्वचितच भरतात. मधेच एखादं पान वेगळ्याच हातचं निघतं. लाल थोडा निराळा, माशाची शेपटी दुसरीकडं वळलेली. ते हरवलेल्या पानाच्या जागी नंतर करून घेतलेलं असतं. बाजार अशा पानाला दोष मानतो. खरं तर त्या डब्यातलं ते सर्वांत बोलकं पान. या घरात डाव इतका खेळला जात होता की पान हरवलं, आणि इतका हवा होता की चिताऱ्याला पुन्हा सांगावा गेला, एवढं ते एकटं सांगतं.

आजऱ्यात, चंदगडात, गडहिंग्लजला, कागलच्या वाड्यांत किंवा कोल्हापूरच्या पेठांतल्या एखाद्या जुन्या घरात गोल पानांचा डबा निघाला, तर पहिल्यांदा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारावं: हा कोणाच्या माहेरून आला, यावर कोण खेळायचं, दिवसा खेळायचे की रात्री. उत्तर मिळेल ते तारखेसह लिहून डब्यातच ठेवावं. मग पानं रंगवार लावून कोणती कमी आहेत ते पाहावं आणि सावंतवाडीला राजवाड्यात जाऊन विचारावं. सावंतवाडीच्या गंजिफेला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. हरवलेला कूर्माचा पंजा किंवा परशुरामाचा प्रधान आजच्या कारागिरानं काढून दिला, तर त्याच्या नावाची आणि सालाची चिठ्ठीही त्याच डब्यात घालावी. १२० पानं भरली की तिघांना बोलावून, पांढरी चादर अंथरून, डाव मांडता येतो.